स्फटिकातल्या भोकाचा आकार किती? माझं उत्तर शून्य येतंय

खानापूरकरीण
नमस्कार मंडळी. आपल्या बेळगावच्या या फोरमवर बहुतेक धागे ऊस, कुंदा आणि बसच्या वेळा यांवर चालतात हे माहीत आहे, तरी विचारते. कुणी ना कुणी असेलच.

मी एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट कॉम्प्युटरवरचा. झिओलाइट, मॉफ (धातूचे अणू आणि त्यांना जोडणारे कार्बनी दुवे) असे सच्छिद्र स्फटिक असतात, त्यांच्या आतल्या पोकळ्या मोजायच्या. पदार्थ हातात घ्यायचाच नाही. कुठला अणू कुठं बसलाय याची यादी असलेली सीआयएफ फाईल घ्यायची आणि ती झिओ प्लस प्लस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरला द्यायची.

माझ्या वाट्याला झिफ-८ नावाचा मॉफ आला. जस्ताचे अणू आणि त्यांना जोडणारे मिथिल-इमिडाझोलचे दुवे, आत मोठे गोल पिंजरे, पिंजऱ्यांना लहान खिडक्या. आत मावणारा सगळ्यात मोठा गोळा ११.४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) व्यासाचा आला. आरपार जाऊ शकणारा सगळ्यात मोठा गोळा ३.४. इथवर पुस्तकाशी जुळलं. मग नायट्रोजनच्या मापाचा प्रोब, म्हणजे रेणूच्या जागी धरायचा गोळा घेतला, त्रिज्या १.८६, आणि आतलं क्षेत्रफळ काढलं. पोचता येईल असं क्षेत्रफळ: ०. पोचता येणार नाही असं: ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या वर.

शेजारच्या लॅबमधल्या सिनियरनं हाच पदार्थ बनवून मशीनवर नायट्रोजन सोडून मोजला, तर पंधराशेच्या वर आलं. तोही नायट्रोजनच!

सर म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही, तुझी फाईल बघ. तीन दिवस फाईलच बघतेय. रविवारी घरी आले तर आजोबा म्हणतात, "भोक केवढं हाय तेवढं सांग की, त्यात काय एवढं?" आता त्यांना ११.४ सांगू, ३.४ सांगू की शून्य?

टिळकवाडीचा_टिल्ल्या
कुंद्याचं नाव काढून कुंदा न देणाऱ्या धाग्यांवर बंदी घाला.

दूरचा_बेळगावकर
अरे वा, माझ्या धंद्यातलं माणूस भेटलं. मी सध्या बाहेर याच विषयात पोस्टडॉक करतोय. आधी नेहमीच्या चौकश्या:

फाईलमध्ये सॉल्व्हंट राहिलाय का? स्फटिक वाढतो तेव्हा पिंजऱ्यात पाणी नाहीतर डीएमएफसारखा द्रावक अडकलेला असतो, आणि फाईलमध्ये ते अणू तसेच लिहिलेले असतात. सॉफ्टवेअरला काय कळतंय, ते त्यालाही भिंतच समजतं. दुसरं, एकच गट दोन जागी अर्धा अर्धा दाखवलाय का? मिथिलच्या हायड्रोजनांचं हे हमखास होतं. तीनाच्या जागी सहा हायड्रोजन मोजले गेले की खिडकी तेवढी बुजते. तिसरं, अणूंच्या त्रिज्या कुठल्या तक्त्यातल्या घेतल्यास?

खानापूरकरीण
दादा, तिन्ही बघितलं. सॉल्व्हंट काढलाय, हायड्रोजन तीनच आहेत, त्रिज्या सॉफ्टवेअरमधल्याच ठेवल्यात. खिडकी ३.४ येतेय म्हणजे बुजलेली नाही.

उद्यमबाग_जुना
पोरी, मी छत्तीस वर्षं फौंड्रीत काढली. तुझं ते मॉफबिफ मला वट्ट कळलं नाही. खरं तुझा शून्य मला कळला.

आमच्याकडं व्हॉल्व्हच्या बॉड्या ओतायच्या. एकदा एका लॉटाचा एक्स-रे काढला तर आत ब्लोहोलच ब्लोहोल. गिऱ्हाईक म्हणालं सगळा माल रिजेक्ट. आमचे शेठ म्हणाले थांबा, प्रेशर टेस्ट लावा. बॉडीची तोंडं बंद केली, पाण्याच्या टाकीत बुडवली, आतनं हवा भरली. एक बुडबुडा आला नाही! का? तर भोकं होती खरं, सगळी सुटी सुटी. एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. हवा जाणार कुठनं? पुढच्या लॉटात एक्स-रेत जवळपास काहीच दिसत नव्हतं आणि टाकीत बुडवल्यावर मात्र मोत्यांची माळ लागली. केसाएवढी चीर, खरं आरपार.

तुझं सॉफ्टवेअर एक्स-रे पण काढतंय आणि टाकीत पण बुडवतंय. एक्स-रेत हजार दिसतंय, टाकीत शून्य. भोक हाय, वाट नाही. दोन्ही खरं.

खानापूरकरीण
काका, हे आमच्या सरांना सांगायला तुम्हीच चला.

टिळकवाडीचा_टिल्ल्या
खरं सॉफ्टवेअरला भोक दिसतंय कसं? भोक म्हणजे तिथं काही नसणं. नसलेलं मोजायचं कसं? हे खरंच विचारतोय, चेष्टा नाही.

खानापूरकरीण
चांगला प्रश्न आहे. मलाही पहिला महिना कळलं नव्हतं. बाजारांवरून सांगते.

खानापूर, गोकाक, चिकोडी, निपाणी असे बाजार घ्या. ज्या गावाला जो बाजार जवळ, त्या गावाची माणसं तिकडं जाणार असं धरा. मग नकाशावर प्रत्येक बाजाराची आपोआप एक हद्द पडते. दोन हद्दींमधल्या रेघेवरचा माणूस दोन्ही बाजारांपासून सारखाच लांब. तीन रेघा जिथं मिळतात तिथला बिचारा तिन्हींपासून सारखा लांब, त्याचे सगळ्यात जास्त हाल.

आता बाजारांच्या जागी अणू ठेवा आणि नकाशाच्या जागी सगळीकडनं पसरलेला स्फटिक. तो बिचारा जिथं राहतो तीच पोकळीची मधली जागा. जवळच्या अणूच्या पृष्ठभागापर्यंत जेवढं अंतर, तेवढ्या त्रिज्येचा गोळा तिथं मावतो. सगळ्या बिचाऱ्यांत ज्याचे हाल जास्त, त्याचा गोळा ११.४. आणि हद्दींच्या कडांवरून चालत गेलं की सगळ्या अणूंपासून होईल तेवढं लांब राहून स्फटिकाच्या पार जाता येतं. त्यातल्या सगळ्यात चांगल्या वाटेवरची अरुंद जागा म्हणजे ३.४. या हद्दींना व्होरोनॉयच्या हद्दी म्हणतात. त्याचा पेपर १९०८चा आहे, तेव्हा कॉम्प्युटर कुठला!

एक बारकावा राहिला. अणू लहानमोठे असतात, म्हणून हद्द बरोबर मधोमध पाडत नाहीत. मोठ्या अणूकडं थोडी जास्त जागा जाते.

निपाणी_नाका
मोठ्याला जास्त हद्द! बॉर्डरवर राहणाऱ्यांना हे कशाला शिकवता? त्या व्होरोनॉयला आधीच कमिशनवर घ्यायला पाहिजे होतं.

टिळकवाडीचा_टिल्ल्या
आणि तीन रेघांवरचा तो बिचारा म्हणजे मीच. दोन्हीकडची बस चुकते.

संयोजक
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, पानं ४१२. इथं स्फटिकांच्याच हद्दी पाडा.

डिस्टिलरी_दादा
चिकोडी भागातनं. आमच्या कारखान्याच्या डिस्टिलरीत हेच काम चालतंय, फक्त नाव वेगळं: 'सिव्ह'. ऊर्ध्वपातनानं अल्कोहोल वजनाला ९५.६ टक्क्यांवर अडकतंय. पुढं कितीही उकळा, पाणी आणि अल्कोहोल बरोबरच वर येतात. पेट्रोलमध्ये घालायला तर ९९.५ च्या वर पाहिजे. मग वाफ ३ए झिओलाइटच्या गोळ्यांनी भरलेल्या टाकीतनं सोडायची. त्याची भोकं ३ अँगस्ट्रॉमच्या आसपास. पाण्याचा रेणू घुसून बसतो, अल्कोहोलचा जाडा, तो बाहेरच्या बाहेर पुढं जातो. दोन टाक्या असतात. एक पाणी पीत असते, तेव्हा दुसरीला व्हॅक्यूम लावून वाळवायचं, मग आलटापालट.

सोडियम असेल तर ४ए, त्यातलं बरंच सोडियम काढून पोटॅशियम घातलं की ३ए, कॅल्शियम घातलं की ५ए. सांगाडा तोच, दारावरचा राखणदार कधी जाडा, कधी बारीक, तर कधी जागेवरच नाही. एकदा सप्लायरनं ४एचा लॉट पाठवला होता की काय अशी शंका आली, दोन दिवस कुणाला जेवण गोड लागलं नव्हतं.

म्हणून मी म्हणतो, खिडकीचं माप हेच खरं माप. पिंजरा आत केवढा का असेना. ३.४ सांग आजोबांना.

गणेशपूर_सर्व्हिस
दादांना अनुमोदन. २०२१ला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दुरुस्त करत फिरत होतो. त्यातही झिओलाइटच. नायट्रोजन मोठा म्हणून अडकतो, ऑक्सिजन लहान म्हणून पुढं जातो. ९०च्या वर प्युरिटी मिळते. दमट हवा आत गेली की गोळ्या मरतात, मग मशीन नुसतं घरघरतंय, ऑक्सिजन काय नाही.

दूरचा_बेळगावकर
दमटपणाचं शंभर टक्के बरोबर. पण अडकण्याचं कारण तसं नाही हो. डिस्टिलरीतला ३ए मापानं निवडतो, कॉन्सन्ट्रेटरमधला मापानं निवडत नाही. त्यात १३एक्स नावाचा झिओलाइट किंवा त्याचा लिथियमवाला भाऊ असतो, खिडकी ७.४ अँगस्ट्रॉमची. नायट्रोजन ३.६४, ऑक्सिजन ३.४६. दोघंही हात पसरून आत जातात. फरक आत गेल्यावर पडतो. नायट्रोजनच्या रेणूतला विद्युतभार जास्त असमान वाटलेला असतो, त्यामुळं लिथियम, सोडियमचे आयन त्याला जास्त जोरात धरून ठेवतात. ऑक्सिजनला तेवढं कुणी विचारत नाही, तो निघून जातो.

म्हणजे खिडकीच्या मापावरून सगळं कळतं असं नाही. लग्नाच्या हॉलचं दार सगळ्यांना सारखंच असतं, पाहुण्याला आग्रह किती होतो त्यावर तो किती वेळ बसणार हे ठरतं.

गणेशपूर_सर्व्हिस
म्हणजे तीन महिने मी गिऱ्हाइकांना चुकीचं सांगत होतो. मशीन चाललं ना, मग सोडा.

ट्रॅपवाला
मी भूगोल-भूगर्भाचा मास्तर, रिटायर्ड. झिओलाइटचा विषय निघालाच आहे तर: दख्खनच्या काळ्या पाषाणाचा थर आपल्या जिल्ह्यातच दक्षिणेला संपत येतो. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे राहिले आणि पुढं त्या पोकळ्यांत पाणी झिरपून स्फटिक वाढले. पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींतले स्टिल्बाइट, ह्युलँडाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. 'झिओलाइट' हे नाव १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेटनं दिलं. दगड तापवला तर त्यातनं पाणी उकळल्यासारखं निघालं, म्हणून ग्रीकमधून 'उकळणारा दगड'.

आमच्या शेतात विहीर खणली तेव्हा पांढऱ्या खड्यांनी भरलेले दगड निघाले होते. दोन देवघरात आहेत. झिओलाइटच असावेत.

मांडेवाली_काकू
मास्तर, देवघरातले दगड तापवू नका, वहिनी रागावतील.

मूळ पोरीला विचारायचं होतं. मला केमिस्ट्री येत नाही खरं चाळायला येतं. मांड्याचं पीठ आम्ही चाळणीनं नाही, वस्त्रानं गाळतो. पत्र्याच्या चाळणीचं भोक जेवढं तेवढंच, कितीही आपटा, मोठा कण जाणार नाही. फडक्याचं तसं नसतं. नुसतं बघितलं तर भोक दिसतही नाही, खरं हात फिरवला की धागा बाजूला सरकतो आणि कण निघून जातो, परत धागा जागेवर. तुझा तो झिफ पत्र्याचा आहे का फडक्याचा?

दूरचा_बेळगावकर
काकू!!!

मी दोन दिवस तिला फाईल तपासायला लावतोय आणि तुम्ही पिठाच्या हातानं उत्तर दिलंत. फडक्याचाच आहे.

नीट सांगतो. झिओ प्लस प्लसला स्फटिक पत्र्याचा वाटतो. फाईलमध्ये अणू जिथं लिहिलाय तिथंच तो खिळ्यानं ठोकलेला. पण झिफ-८च्या खिडकीच्या कडेला इमिडाझोलची कडी असतात, आणि ती दारासारखी थोडी झुलतात. २००९ला या स्फटिकावर वातावरणाच्या हजारो पट दाब देऊन एक्स-रे काढले तेव्हा कडी फिरून खिडकी मोठी झालेली दिसली. २०११ला असं दाखवलं की थंडगार नायट्रोजन भरतानासुद्धा कडी तशीच फिरतात, वेगळा दाब द्यायला नको. म्हणून ३.६४चा नायट्रोजन ३.४च्या खिडकीतून जातो. २००६च्या पेपरात झिफ-८चं क्षेत्रफळ १६३० चौरस मीटर दिलंय, तेही असंच मोजलेलं. तुझ्या सिनियरचं मशीन बरोबर, तुझी फाईल बरोबर, सॉफ्टवेअरही बरोबर. गृहीतक तेवढं पत्र्याचं.

उद्यमबाग_जुना
म्हणजे प्रेशर टेस्टला बॉडीच फुगाय लागली म्हणायची. तसली बॉडी आमच्याकडं आली असती तर शेठ गेले असते.

निपाणी_नाका
मग सॉफ्टवेअर काय कामाचं? काकूंनाच नेमा.

दूरचा_बेळगावकर
असं नाही. तो शून्य मूर्ख नाही. १३एक्समध्येच बघा. त्यातही सोडालाइट पिंजरे आहेत, जवळपास याच घडणीचे, पण त्यांच्या खिडक्या सिलिकॉन-ॲल्युमिनियम-ऑक्सिजनच्या आणि इतक्या बारीक की नायट्रोजन कधीच आत जाणार नाही. तिथं वाट खरोखर नाही. सिम्युलेशनमध्ये मात्र कॉम्प्युटर रेणू उचलून थेट त्या पिंजऱ्यात ठेवतो, त्याला दारातून यायचं बंधन नसतं. मग वायू किती मावतो याचा आकडा फुगतो. तिथं झिओ प्लस प्लसचा शून्य बघून ते पिंजरे आधी बंद करावे लागतात. डेटाबेसमधल्या हजारो मॉफमधून पन्नास निवडायचे असतील तर आधी ही भूमितीची चाळणीच लावतात, एकेकाला सेकंदं लागतात. फक्त जिथं खिडकी आणि रेणू दोन-तीन दशांशांनी चुकामूक करतात तिथं आकड्यावर डोळे मिटून सही करायची नाही.

आणि २०२५चं केमिस्ट्रीचं नोबेल मॉफलाच मिळालं, कितागावा, रॉबसन आणि याघी यांना. कितागावांनी तर मऊ, श्वास घेतल्यासारख्या हलणाऱ्या मॉफवरच बरंच काम केलंय. काकू, अर्ज करा.

मांडेवाली_काकू
मला नोबेल नको, गॅसची टाकी वेळेत येऊ दे.

शुद्ध_मराठी
'प्रोब'ला 'चाचणीगोल' म्हणावं असं सुचवतो.

टिळकवाडीचा_टिल्ल्या
आणि कुंद्याला 'आटीवदुग्धगोल' म्हणूया का?

खानापूरकरीण
तीन दिवसांनी येतेय, माफ करा, गावात लाईट नव्हती.

काकू, दादा, काका, सगळ्यांचे आभार. परत रन केलं. प्रोब १.८६चा ठेवला तर शून्य. १.७५ तरी शून्य. १.६५ केला आणि सगळं क्षेत्रफळ एका झटक्यात 'पोचता येणार नाही' मधून 'पोचता येईल' मध्ये गेलं! मधे काहीच नाही. थोडं थोडं वाढत जाईल असं मला वाटलं होतं. खिडकी सगळीकडं एकसारखी आहे ना, उघडली तर सगळीच उघडते.

मग १.६५ चाच आकडा रिपोर्टात लिहू का? सिनियरच्या आकड्याच्या जवळ जातोय.

दूरचा_बेळगावकर
नको! प्रोब बारीक केलास की आतलं क्षेत्रफळही बदलतं, तो नायट्रोजनचा आकडा राहत नाही. उत्तर जुळवायला फुटपट्टी कापल्यासारखं होईल. १.८६ नंच काढ, जे 'पोचता येणार नाही' मध्ये आलंय तेच लिही आणि खाली स्पष्ट लिही की हा सांगाडा लवचीक आहे, म्हणून ही जागा नायट्रोजनला उघडी धरली. सिनियरच्या आकड्याशी तंतोतंत जुळणार नाहीच. त्याचा आकडा बीईटी पद्धतीनं, पृष्ठभागावर बसलेल्या नायट्रोजनच्या थरावरून काढलेला, तुझा अणूंभोवती टिकल्या मारून मोजलेला.

उद्यमबाग_जुना
टिकल्या?

खानापूरकरीण
होय काका. प्रत्येक अणूभोवती, अणू अधिक प्रोब एवढ्या त्रिज्येचा गोळा धरायचा, त्याच्यावर कुठंही दोन हजार टिकल्या लावायच्या. दुसऱ्या अणूच्या गोळ्यात गेलेल्या टिकल्या पुसायच्या. उरल्या तेवढं क्षेत्रफळ. परत रन केलं की आकडा जरासा हलतो, कारण टिकल्या नव्यानं पडतात.

दादा, तसंच लिहिलं. सरांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि "हं" म्हणाले. आमच्या डिपार्टमेंटमध्ये याला शाबासकी म्हणतात.

आजोबांना मात्र सांगितलं, आत खोली अकराची, दार साडेतीनला थोडं कमी, आणि दार ढकललं तर सरकतंय. ते म्हणाले, "मग भोक कशाला म्हणालीस, घर म्हणायचं."

डिस्टिलरी_दादा
माझं ३.४ मागं घेतो. आमच्या ३एपुरतं मात्र ठाम आहे, तो पत्र्याचाच.

निपाणी_नाका
मास्तर, देवघरातल्या झिओलाइटचं काय झालं?

ट्रॅपवाला
तापवायची परवानगी मिळाली नाही. एक खडा बाहेर आणून त्यावर बाथरूम साफ करायच्या ॲसिडचा थेंब टाकला.

उकळलं नाही. फसफसलं. कॅल्साइट निघाला, म्हणजे साधी चुन्याची गार. दुसरा खडा देवघरातनं हलवायला मिळेना, त्यामुळं अर्धी आशा अजून शिल्लक आहे.